यंत्राचा ताप आणि त्याचे तपासनीस

वैशाखाच्या दुपारीं लालबाग-परळकडील एखाद्या चाळींत, पत्र्याखालच्या खोलींत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला मोबाइल फोन कांहीं वेळानें हातांत घेववत नाहीं इतका तापतो. त्याच वेळीं तो मंदावतो. चित्र अडखळूं लागतें, पडदा आपोआप अंधुक होतो, आणि क्वचित् प्रसंगीं एक सूचना दाखवून तो स्वतःलाच मिटून घेतो. घरांतील मंडळी अशा वेळीं फोनला दोष देतात, किंवा तो विकणाऱ्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराला. वस्तुतः त्या क्षणीं फोन बिघडलेला नसून शहाण्यासारखा वागत असतो. पोटांतील उष्णता मर्यादेबाहेर चालली आहे हें ओळखून काम कमी करण्याचा हुकूम त्याला मिळालेला असतो. हा हुकूम देणारी आज्ञावली, आणि ती वापरांत येण्यापूर्वीं ओळ न् ओळ वाचून पाहणारीं माणसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणक टेबलावरचा असो, खिशांतला असो, कीं एखाद्या बँकेच्या तळघरांतला असो, त्याच्या सर्व कारभाराच्या बुडाशीं एक मूळ आज्ञावली असते. तिला ‘कर्नेल’ म्हणतात. हा फौजेंतला कर्नल नव्हे. बदामाच्या कवचांतील गराला इंग्रजींत जो शब्द आहे तोच हा. कोणत्या कामाला किती जागा द्यावयाची, कोणतें आधीं करावयाचें आणि कोणतें मागाहून, हें सारें कर्नेल ठरवितें. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यानें १९९१ सालीं लिहावयास घेतलेलें ‘लिनक्स’ हें कर्नेल आज फार दूरवर पसरलें आहे. अँड्रॉइड जातीचे फोन त्यावरच चालतात. म्हणजे दादरच्या भाजीबाजारांतील पुष्कळशा पिशव्यांतून तें नकळत हिंडत असतें. त्याची संहिता उघडी आहे. ती कोणीहि वाचावी, तींत कोणीहि सुधारणा सुचवावी. मात्र सुचविलेली सुधारणा आंत घेण्यापूर्वीं ती दुसऱ्या कोणी तरी वाचून पारखली पाहिजे, असा तेथला रिवाज आहे. अशा सुधारणेला त्या मंडळींत ‘पॅच’, म्हणजे सरळ सरळ ठिगळच, म्हणतात.

संगणकानें खाल्लेली वीज शेवटीं उष्णताच होते. तिचा निराळा धूर किंवा राख निघत नाहीं. मुंबईला ही गोष्ट नवी नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं येथें चालू केलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह म्हणजे एक लहानसा जळता दिवाच. तसल्या यंत्रांकरितां खोली थंड ठेवावी लागे. आजचें यंत्र खोली सोडून रस्त्यावर आलें आहे. त्याच्यासाठीं सबंध गिरगांव थंड करतां येणार नाहीं. तेव्हां यंत्रानें आपला ताप आपणच मोजावा आणि वेळीं आवरतें घ्यावें, अशी योजना करणें भाग पडलें.

लिनक्समधील या योजनेची आजची मांडणी २००८ सालीं इंटेल कंपनींतील अभियंत्यांनीं घालून दिली. चिपच्या पोटांत एक बारीकसा तापमापक असतो. त्याची भाषा फक्त त्याच्या कारखान्याला ठाऊक; ती कर्नेलला समजावून सांगणारा जो दुभाष्या, त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. तापमान अंशाच्या हजाराव्या भागांत सांगावयाचें, म्हणजे ४५ अंश सेल्सियस असेल तर ४५,००० म्हणावयाचें, असा तेथला नियम आहे. या मापावर कांहीं खुणा आधींच ठरविलेल्या असतात. एक खूण ओलांडली कीं पंखा सुरू करावा. दुसरी ओलांडली कीं प्रोसेसरचा वेग उतरवावा. आणि शेवटची, निर्वाणीची खूण ओलांडली कीं यंत्र बंद करून टाकावें. फोनला बहुधा पंखा नसतो, म्हणून त्याला वेग उतरविणें किंवा मिटून घेणें, एवढेच दोन मार्ग.

कोणता उपाय कितपत करावयाचा हें ठरविणाऱ्या भागाला ‘गव्हर्नर’ असें नांव आहे. मलबार हिलवरच्या राज्यपालांशीं त्याचा संबंध नाहीं. संबंध आहे तो गिरण्यांशीं. १८५६ सालीं ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी सुरू झाली, तेव्हांपासून १९१५ सालीं टाटांची खोपोलीची वीज मुंबईंत येईपर्यंत, आणि त्यानंतरहि कांहीं काळ, परळ-लालबागकडील गिरण्यांचा व्याप वाफेवर चाले. वाफेच्या एंजिनावर दोन गोळे गरगर फिरत असत. वेग वाढला कीं ते बाहेर फेंकले जात, आणि त्यांच्या ओढीनें वाफेची झडप आपोआप आवळली जाई. या साधनाचें नांव गव्हर्नर. कर्नेलमधील गव्हर्नर तेंच काम करितो. गोळ्यांऐवजीं त्याच्याजवळ चार-दोन पानांचें गणित असतें, इतकेंच. त्यांतला एक पायरी पायरीनें वेग उतरवितो. दुसऱ्याला नुसतें ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेंच कळतें. २०१५ सालीं आलेला तिसरा एखाद्या काटकसरी गृहिणीप्रमाणें विजेचा जमाखर्च पाहून ती वांटून देतो.

पण गिरणींतील ज्या वस्तूशीं या विषयाचें खरें साम्य आहे ती गव्हर्नर नव्हे. ती बॉयलरच्या भट्टीच्या माथ्यावर बसविलेलें, लवकर वितळणाऱ्या धातूचें एक बूच. माथ्यावर पाणी असेपर्यंत बूच शाबूत राहतें. पाणी उतरून माथा उघडा पडला कीं तें वितळतें, वाफ त्या भोंकावाटे भट्टींत घुसते आणि विस्तव दडपते. वर्षानुवर्षें हें बूच कांहींएक काम करीत नाहीं. त्यावर पाण्यांतील क्षारांचें कवच धरलें असलें, तर ऐन वेळीं तें वितळून वाट करून देणार नाहीं. आणि ही गोष्ट बॉयलर धडधडत असतांना कोणालाहि दिसत नाहीं. कलकत्त्यास १८६३ सालीं बॉयलरचा भयंकर स्फोट झाला, त्यानंतर १८६४ त बंगालमध्यें बॉयलर-तपासणीचा कायदा आला. पुढें १९२३ सालीं देशाकरितां एक कायदा झाला, आणि त्याची जागा २०२५ त नव्या कायद्यानें घेतली. या सर्व कायद्यांमागील कल्पना साधी आहे: बॉयलर थंड करावयाचा, तपासनिसानें आंत शिरावयाचें, आणि जी वस्तु कधीं वापरली गेली नाहीं ती वापरण्याजोगी आहे कीं नाहीं तें पाहावयाचें.

उष्णतेच्या ड्रायव्हरची गत हीच आहे. तो लिहिणारा अभियंता तो चालवून पाहतो खरा, पण कोठें? वातानुकूलित प्रयोगशाळेंत, नव्या कोऱ्या यंत्रावर. तेथें तापमापक दर वेळीं नेमकें उत्तर देतो, आणि पारा निर्वाणीच्या खुणेजवळ फिरकतहि नाहीं. खोटें तापमान कळवून परीक्षा घेण्याची सोय कर्नेलमध्यें आहे, व चांगले अभियंते तिचा उपयोग करितात. परंतु खोटा पारा चढविल्यानें यंत्राच्या इतर अवयवांची खऱ्या उष्णतेंत काय अवस्था होते तें कळत नाहीं. म्हणून संकटासाठीं लिहिलेल्या ओळींवरून पुष्कळदां लिहिणाऱ्याचें एकहि पाऊल पडलेलें नसतें. रोजच्या वापरांतील चूक गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशीं ओरडून सांगेल. या ओळींतली चूक कोणी सांगणार नाहीं. ती वाचूनच सांपडली तर सांपडली.

२०१५ सालचें एक उदाहरण घेण्याजोगें आहे. तोंपर्यंत कर्नेलच्या या विभागांत तापमानाचा आंकडा निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या जातीच्या खान्यांत ठेवीत असत, आणि त्यांतील एका जातीच्या खान्यांत ऋण अंकाला जागाच नव्हती. अशा खान्यांत ऋण अंक घातला, तर तो शून्याखालीं न जातां उलट टोकाला, सर्वांत मोठ्या अंकाच्या शेजारीं जाऊन बसतो. घड्याळाचा कांटा बाराच्या मागें सरला कीं अकरावर दिसतो, तसा. परिणाम असा कीं बाहेर शून्याखालीं थंडी पडली म्हणजे कांहीं ड्रायव्हर कर्नेलला सांगत, ‘चिपचें तापमान सुमारें ४३ लक्ष अंश आहे!’ कर्नेलनें ही वर्दी खरी मानली, तर गारठलेलें यंत्र अति उष्णतेच्या सबबीवर सुरू होतांच बंद व्हावयाचें. एका अभियंत्यानें सर्वत्र धन-ऋण दोन्ही धरणारा एकच खाना वापरण्याची दुरुस्ती पाठविली. सोबतच्या टिपणांत त्यानें असेंहि नमूद केलें कीं, या खान्यांत मावणारें सर्वांत मोठें तापमान ज्ञात असलेल्या यच्चयावत् पदार्थांच्या वितळणबिंदूहून वर आहे, तेव्हां याहून मोठ्या खान्याची जरुरी नाहीं. इतकें नेमकें आणि इतकें खुसखुशीत टिपण कचेऱ्यांच्या कागदांत क्वचितच वाचावयास मिळतें.

ही चूक मुंबईंत बसून कोणाला सांपडली असती काय? जानेवारी १९६२ त सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला, तो येथील थंडीचा नोंदलेला नीचांक. आणि त्या दिवसाची आठवण जुनीं माणसें अजून काढतात. शून्याची येथें भेटच नाहीं. लेहच्या हिंवाळ्यांत मात्र ती रोजची आहे. म्हणजे ड्रायव्हर वाचणाऱ्यानें आपल्या खिडकीबाहेरची हवा विसरून दुसऱ्याच्या हवेंत उभें राहावें लागतें.

याची उलट बाजूहि आहे, आणि ती मुंबईकरांच्या अधिक जिव्हाळ्याची. चिपचें तापमान म्हणजे भोंवतालची हवा, अधिक कामानें चढलेला ताप. प्रयोगशाळेंतील हवा २२ अंश आणि पत्र्याखालच्या खोलींतली ३६ अंश धरली, तर तेंच काम करणारी तीच चिप पहिल्या खुणेच्या १४ अंश अधिक जवळ उभी असते. मे महिन्यांत कुलाब्याला रात्रींहि पारा सामान्यतः २७ च्या आसपास राहतो, तेव्हां यंत्राला दम खाण्यास रात्रहि पुरत नाहीं. अशा हवेंत, ८५ अंशांला वेग उतरवावा आणि ८४ ला पुन्हा चढवावा असें ड्रायव्हरमध्यें लिहिलें असेल, तर फोन दर कांहीं क्षणांनीं मंद आणि जलद, मंद आणि जलद, असा हेलकावे खात राहील. म्हणून परतीची खूण पुरेशी खालीं ठेवली आहे कीं नाहीं, हें सावध तपासनीस प्रथम विचारतो. फोनचे कारखानदार या व्यवस्थेवर आपले स्वतःचे नियमहि चढवितात; पण पाया कर्नेलचाच.

मर्यादा खालीं ओढली म्हणजे सुरक्षितता वाढली, अशी एक सोयीची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. खूण नको तितकी खालीं असली तर परळच्या खोलींत फोनवरून वर्ग ऐकणाऱ्या मुलीला सबंध उन्हाळा अडखळता आवाज ऐकावा लागतो, आणि घरचे लोक, फोन जुना झाला, असें समजून नव्यासाठीं पैसे जमवूं लागतात. चूक दोन आंकड्यांत असते, भुर्दंड घराला पडतो. खूण वर ठेवली तर बॅटरीचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तेव्हां हा आंकडा कोणत्या मोजमापावरून आला, हा प्रश्न लिहिणाऱ्याला टोचला तरी विचारलाच पाहिजे; ‘मागच्या यंत्राचा होता तोच घेतला’ हें उत्तर चालूं देतां कामा नये.

याहूनहि लपलेली एक चूक आहे. कर्नेलच्या वहिवाटींत एखादें काम फसलें कीं करणारा ऋण अंक परत पाठवितो. तापमापकाशीं बोलणें तुटलें, तर तो अंक उणे ५ असूं शकतो. आतां वाचणाऱ्यानें तो निरोप न समजतां तापमान म्हणूनच उचलला, तर काय होईल? उणे ५ म्हणजे अंशाचे हजारावे भाग. अर्थात् शून्याच्या किंचित् खालीं. चिप भाजून निघत असेल, तापमापक मुका झाला असेल, आणि कर्नेलच्या वहींत मात्र बर्फाची नोंद होत राहील! पंखा थांबेल, वेग चढेल. कुलाब्याच्या वेधशाळेसारख्या १८२६ पासूनच्या जुन्या संस्थेची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें सांगावयास नको कीं, न घेतलेलें माप आणि शून्य आलेलें माप या अगदीं भिन्न गोष्टी आहेत. चुकलेल्या वेळेची जागा वहींत कोरी ठेवावयाची असते. कर्नेलनेंहि यासाठीं एक कोरी जागा ठरविली आहे, ती उणे २,७४,०००, म्हणजे उणे २७४ अंशांची. उणे २७३.१५ च्या खालीं विश्वांत कोठेंहि तापमान जात नाहीं. तेव्हां हा आंकडा दिसला कीं माप झालेलेंच नाहीं, असें निःशंक समजावें. तपासनीस ड्रायव्हर वाचतांना प्रत्येक विचारणेपुढें थांबून पाहतो: उत्तर आलें नाहीं तर पुढली ओळ काय करील?

कुलूप घालून तें वाटेंतच विसरणें, झोपेंतून उठलेल्या यंत्राला झोपण्यापूर्वींचें तापमान ताजें म्हणून दाखविणें, अंशांच्या जागीं हजारावे भाग किंवा उलट, असल्या नेहमींच्या चुकांची यादी लांब आहे. अनुभवी डोळ्याला त्या लवकर दिसतात. कांहीं तपासनीस मात्र ओळी किती आंत सरकवून लिहिल्या यावरच फार वेळ घालवितात. टॉर्व्हाल्ड्स यांनीं या समासाची रुंदी आठ अक्षरें ठरविली आहे आणि ती पाळणें युक्तच. परंतु बॉयलरच्या रंगावर शेरा लिहून बुचाकडे न पाहणाऱ्या तपासनिसाला काय म्हणावें?

वाचून समाधान झालें म्हणजे तपासनीस त्या ठिगळाखालीं आपलें नांव घालतो. २००५ पासून कर्नेलचा सर्व इतिहास टॉर्व्हाल्ड्स यांनींच रचलेल्या ‘गिट’ नांवाच्या बखरींत जमा होत आहे. त्यांत लिहिणाऱ्याच्या नांवाखालीं वाचणाऱ्याचें नांवहि राहतें. या सहीचा अर्थ नियमांत काळजीपूर्वक सांगितला आहे. आपण हा मजकूर तज्ज्ञाच्या नजरेनें तपासला, उणिवा लिहिणाऱ्याला कळविल्या, त्याच्या उत्तरांनीं समाधान झालें, आणि तो आंत घेण्याजोगा वाटतो, एवढें ती सही म्हणते. तो प्रत्येक प्रसंगीं बरोबर चालेलच अशी हमी ती देत नाहीं. असें असूनहि एकेका ठिगळाची दुसरी, तिसरी, पांचवी आवृत्ति लिहवून घेणारे तपासनीस आहेत. त्यांना बहुतेक वेळां धन्यवादाऐवजीं घाई केल्याची पत्रें मिळतात, कारण कारखान्याला फोन दिवाळीपूर्वीं दुकानांत हवा असतो.

असा चिवटपणा कोठें कामास येतो, तें २०१७ च्या एका दुरुस्तीवरून कळतें. निर्वाणीची खूण ओलांडली कीं कर्नेल स्वतः एकदम वीज तोडीत नसे. तें वरच्या आज्ञावल्यांना विनंती करी कीं, ‘आपापलीं कामें नीट आवरा आणि यंत्र बंद करा.’ पद्धत सभ्य होती. पण यंत्र नुकतें सुरू होत असतांना, एक एक अवयव जागा होत असतांनाच ताप चढला, तर विचित्र प्रकार घडे. विनंती पोंचल्याची पावती येई, वरच्या आज्ञावल्या स्वतःला आवरून निघून जात, आणि खालचें यंत्र मात्र चालूच राही. घरांतले सगळे दिवे मालवून मंडळी बाहेर पडलीं, आणि चूल पेटती राहिली, असा तो प्रकार. शिवाय दर मोजणीला पारा खुणेच्या वरच दिसे, म्हणून बंद करण्याची तीच विनंती पुन्हा पुन्हा सुटे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनींतील एका अभियंत्यानें यावर दोन दुरुस्त्या पाठविल्या. पहिली, विनंती एकदांच करावयाची. दुसरी, विनंती करतांच एक घड्याळ लावावयाचें, आणि ठरलेल्या मुदतींत यंत्र बंद झालें नाहीं तर कोणाचीहि वाट न पाहतां वीज तोडावयाची.

दोन्ही दुरुस्त्या कर्नेलांत आल्या. मुदत किती असावी, तें मात्र प्रत्येक यंत्र बनविणाऱ्यानें नीट मोजून ठरवावें, असें ठेवलें. कारण घाईनें वीज तोडली तर साठविलेला मजकूर बिघडूं शकतो, आणि उशीर झाला तर चिप जाते. कोणी आंकडा भरलाच नाहीं तर तो शून्य धरावयाचा. आणि या ठिकाणीं शून्याचा अर्थ ‘ताबडतोब’ असा नसून, घड्याळ लावूंच नये, असा ठेवला. त्यामुळें नव्या यंत्राची जुळवणी तपासावयास आली कीं, जाणता तपासनीस इतर शेंकडो नोंदी बाजूस सारून आधीं ही एक नोंद शोधतो, आणि तींत शून्य आहे कीं दुसरें कांहीं, तें पाहतो.